समान परीक्षा आणि असमान शाळा

सन २०१८ मध्यें आपल्या राज्याच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल शेंकडा ८९.४१ लागला. पुढच्या वर्षीं तो ७७.१० वर उतरला, आणि त्याच्याहि पुढच्या, म्हणजे २०२० सालीं, एकदम ९५.३० वर चढला. महाराष्ट्रांतील मुलांची बुद्धि एका वर्षांत शेंकडा बारांनीं ओसरली व दुसऱ्या वर्षीं अठरांनीं भरून आली, असें कोणीहि सुज्ञ मनुष्य म्हणणार नाहीं. २०१९ सालीं दहावीचीं पुस्तकें नवीं होतीं हें खरें. परंतु मुख्य गोष्ट अशी कीं, भाषा व सामाजिक शास्त्रें ह्या विषयांत शाळेनें स्वतः द्यावयाचे वीस गुण त्या वर्षीं काढून घेण्यांत आले होते. निकाल लागतांच गिल्ला झाला. केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सी.बी.एस.ई.च्या, मुलांना शाळेकडून असे गुण मिळतातच. मग अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेंत आमच्याच मुलांनीं कां मागें राहावें, असा पालकांचा सवाल होता, आणि तो गैर नव्हता. सरकारनें वीस गुण परत दिले. २०२१ सालीं तर महामारीमुळें परीक्षाच झाली नाहीं, आणि निकाल लागला शेंकडा ९९.९५ !

हे आंकडे येथें देण्याचें कारण एवढेंच कीं, मे-जून महिन्यांत आपल्या घरोघरीं गुणांवरून जो आनंद किंवा जो आकान्त होतो, त्यांत मापलेल्या मुलाचा विचार पुष्कळ होतो, मापाचा मात्र कोणीच करीत नाहीं. संस्कृत हा आमचा आवडीचा विषय. त्याचेंच उदाहरण घ्या. 'संस्कृत घेतलें कीं गुण भरपूर पडतात' ह्या एकाच कारणासाठीं तो विषय घेणारीं मुलें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलीं. शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण मिळविणाऱ्या मुलास परीक्षेनंतर दोन महिन्यांनीं 'नदी' शब्दाची षष्ठी विचारावी, तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. त्यानें प्रश्नपत्रिकेचा सांचा पाठ केला होता, भाषा नव्हे. आणि सांचा पाठ केल्याबद्दल आपणच त्याला पेढे वाटले होते.

आतां ह्या मापांचें एकीकरण देशभर चाललें आहे. शिक्षण हा विषय घटनेनें प्रथम राज्यांकडे सोंपविला होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तो केंद्र व राज्यें ह्यांच्या समाईक सूचींत गेला. दिल्लीची एन.सी.ई.आर.टी. ही संस्था १९६१ पासूनची, आपली पुण्याची बालभारती १९६७ पासूनची. ह्या दोन पुस्तकघरांत फार वर्षें अंतर राहिलें, तें आतां झपाट्यानें कमी होत आहे. २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्यावरून २०२३ सालीं निघालेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम-आराखडा, आणि २०२५ च्या मार्च महिन्यांत आपल्या राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनीं पहिलीपासून क्रमाक्रमानें सी.बी.एस.ई.च्या धर्तीवर शिक्षण आणण्याची केलेली घोषणा, हे सारे एकाच वाटेवरचे मुक्काम आहेत. दिल्लीच्या धर्तीवरील पुस्तकांत गंगाखेडच्या जनाबाईंना आणि १७ सप्टेंबर १९४८ ह्या दिवसाला किती ओळी मिळणार, असा प्रश्न आमच्या जिल्ह्यांतील कोणाहि शिक्षकास सुचेल. त्याच सालीं पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याविषयीं एप्रिलांत एक निर्णय निघाला, जूनमध्यें दुसरा निघाला, आणि २९ जूनला दोन्ही मागें घेण्यांत आले. एवढ्या लहान मुलांच्या दप्तराशीं एवढी धांदल करावी, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

तथापि समान मापाला आमचा विरोध नाहीं. मानवत हें कापसाच्या पेठेचें गांव. कोरडवाहू शेतकऱ्याची गाडी आणि बागाईतदाराची गाडी एकाच कांट्यावर चढावी, ह्याहून न्याय्य दुसरें काय ? परंतु कांटा एक झाला म्हणून दोघांच्या विहिरींना सारखें पाणी लागत नाहीं, हेंहि ह्याच पेठेला ठाऊक आहे.

आणि शिक्षण वरून ठरून येतें म्हणजे काय होतें, हें मराठवाड्याला नव्यानें सांगावयास नको. मानवत निजामाच्या राज्यांत असतांना सरकारी माध्यमिक शाळेंत इतिहास, भूगोल, गणित सारें उर्दूतून शिकावें लागे, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत पुढचें शिक्षणहि उर्दूतूनच होतें. उर्दू ही गोड व समृद्ध भाषा आहे. देशी भाषेंतून विज्ञान आणि वैद्यक शिकवितां येतें, हें त्या विद्यापीठानें हिंदुस्थानास करून दाखविलें, हा त्याचा मोठेपणा आम्ही नाकारीत नाहीं. पण येथल्या बहुसंख्य घरांत ती भाषा बोलली जात नव्हती. हुशार मुलाचाहि अर्धा काळ विषय समजण्याऐवजीं भाषा समजण्यांत जाई.

त्या काळच्या शिकलेल्या माणसांनीं काय केलें ? त्यांनीं शाळा काढल्या. औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन निघालें. १९२१ सालीं हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. तेथें मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ सालीं अंबाजोगाईस गेले आणि तेथल्या योगेश्वरी विद्यालयाला त्यांनीं नांवारूपास आणलें. आमच्या शेजारच्या सेलूचें नूतन विद्यालय ह्याच परंपरेंतलें. खाजगी शाळेला सरकारची परवानगी मिळणें कठीण, पैशाची नेहमींची ओढ, आणि राजसत्तेची करडी नजर. तरीहि ह्या शाळा चालल्या. १९३८ सालीं 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानें पदरांत घेतलें, म्हणून त्यांची वर्षें वांचलीं. एका परीक्षेचें दार लागलें तरी दुसरें उघडें असावें, ही गोष्ट ज्या पिढीनें भोगून शिकली, ती आज हयात नाहीं, म्हणून आम्हांस ती येथें लिहावीशी वाटते. त्या शाळांत सर्व जातींचीं मुलें सारख्याच संख्येनें येत होतीं, असा दावा मात्र आम्ही करणार नाहीं. दलित मुलांना उच्च शिक्षणाचें दार मराठवाड्यांत खरोखर उघडलें तें डॉ. आंबेडकरांनीं १९५० सालीं औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयानें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि पुढें मराठींतून शिकणें हा आग्रहाचा विषय न राहतां नित्याचा व्यवहार झाला.

ह्यानंतरची मराठवाड्याची मोठी कमाई म्हणजे लातूर. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बारावीच्या गुणवत्तायादींत लातूरचीं नांवें झळकूं लागलीं, तेव्हां मुंबई-पुण्याचे लोक नकाशा काढून पाहूं लागले. 'लातूर पॅटर्न' मध्यें जादू नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवावयाचा, सुटीच्या दिवशींहि वर्ग भरवावयाचे, आणि सराव-परीक्षा थकेपर्यंत घेत राहावयाच्या, एवढेंच त्याचें रहस्य. मागासलेला म्हणून हिणविलेल्या प्रांतानें केवळ श्रमानें मारलेली ती बाजी होती व तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पुढें बारावीच्या गुणांची किंमत उतरली, प्रवेशपरीक्षांची वाढली, आणि २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें वैद्यकीय प्रवेशासाठीं देशभर 'नीट' ही एकच परीक्षा आली. तेव्हां तोच पॅटर्न महाविद्यालयांतून उठला आणि खाजगी शिकवणीवर्गांत जाऊन बसला. आतां मानवतच्या घरांतील मूल दहावी होतांच लातूरला किंवा नांदेडला खोली घेऊन राहतें. बरोबर आई जाते. दोन वर्षें एका घराच्या दोन चुली होतात, आणि गांवाकडे वडील व आजी-आजोबा डबा लावून दिवस काढतात. ज्या घराला दुसरी चूल परवडत नाहीं, तेथलें मूलहि त्याच दिवशीं, त्याच प्रश्नपत्रिकेला बसतें. २०२४ च्या मे महिन्यांत सुमारें तेवीस लक्ष मुलांनीं ही परीक्षा दिली. प्रश्नपत्रिका फुटली आणि तपासाचे धागे लातूरपर्यंत पोंचले. एका दुपारच्या एका कागदावर इतकें भवितव्य टांगलें, कीं तो कागद विकणारा व विकत घेणारा दोघेहि निपजणारच.

ही परीक्षा तेरा भाषांत देतां येते व त्यांत मराठीहि आहे, हें वाचून आपणांस बरें वाटतें. परंतु अकरावी-बारावीच्या विज्ञानशाखेचें अध्यापन आपल्याकडे जवळजवळ सर्वत्र इंग्रजींतून चालतें. शिकवणीवर्गांचीं टिपणेंहि इंग्रजींतलींच. दोन वर्षें 'फोर्स' आणि 'व्हेलॉसिटी' घोकलेल्या मुलीनें परीक्षेच्या दिवशीं 'बल' आणि 'वेग' कोठून आणावे ? म्हणून मराठी प्रश्नपत्रिका मागणारीं मुलें फार थोडीं निघतात. आणि मग मराठीला मागणीच नाहीं असें म्हणावयास लोक मोकळे होतात. निजामाच्या काळीं भाषा लादलेली होती. आज ती निवडण्याची मुभा आहे. पण माडीचा जिना काढून घेतल्यावर वरचें दार सताड उघडें ठेवून काय उपयोग?

परीक्षेचा दुसराहि एक प्रकार आहे, त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. ४ डिसेंबर २०२४ रोजीं देशभर 'परख' नांवाचें राष्ट्रीय सर्वेक्षण झालें. तिसरी, सहावी व नववी ह्या इयत्तांतील सुमारें एकवीस लक्ष मुलांची त्यांत चांचणी घेतली गेली. कोणी पास झालें नाहीं, कोणी नापास झालें नाहीं, कोणाला जागा मिळाली नाहीं कीं कोणाची गेली नाहीं. मोजली गेली ती शाळा, मोजला गेला तो जिल्हा. असली परीक्षा आम्हांस मनापासून पसंत आहे, कारण तींत शिकविणाराची झडती होते, शिकणाराची नव्हे. तिचे जिल्हावार अहवाल निघतात. आपल्या जिल्ह्याचा अहवाल वाचलेलें सुशिक्षित घर मात्र आम्हांस अद्यापि भेटलेलें नाहीं. शेजारच्या मुलाचे गुण सर्वांना तोंडपाठ!

मानवतमधील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत तीन भावांचीं चार मुलें तीन तऱ्हेच्या शाळांत जातात. थोरल्याची मुलगी नववींत, अनुदानित मराठी शाळेंत. पण तेथें गणित व विज्ञान इंग्रजींतून, म्हणजे ज्याला 'सेमी' म्हणतात तें. मधला बँकेंत आहे. त्याचीं दोन्ही मुलें सी.बी.एस.ई.च्या इंग्रजी शाळेंत बसनें जातात. धाकटा शेती पाहतो. त्याचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेंत दुसरींत आहे. पूर्वीं अशा घरांत एक पुस्तक चार भावंडांच्या हातून उतरत जाई आणि शेवटच्याच्या हातीं येईपर्यंत त्याला कव्हर राहत नसे. आतां एकाचें पुस्तक दुसऱ्याच्या कामाचें नाहीं. आजीनें कोणाचा फोनचा क्रमांक सांगतांना 'त्र्याऐंशी, एकोणसाठ' असें म्हटलें, कीं मधल्याचा सहावींतला मुलगा चुलत बहिणीकडे पाहतो, आणि ती त्याला 'एटी-थ्री, फिफ्टी-नाइन' असें भाषांतर करून देते. घरांत हंशा पिकतो. आजी हंसत नाहीं. तिला दिडकी-अडीचकीसुद्धां पाठ आहे, आणि ती शिकविण्यासाठीं आतां तिच्यापाशीं एकच नातू उरला आहे.

ह्या संख्यावाचनावरून २०१९ सालीं केवढा विनोद झाला, तें वाचकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'तेवीस' ह्याच्या जोडीला 'वीस तीन' असेंहि वाचावयास दिलें होतें. त्या वेळच्या गणित-समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांचें म्हणणें साधें होतें : जोडाक्षरांनीं भरलेलीं हीं नांवें लहान मुलांना जड जातात, आणि उच्चारांत आधीं तीन येतात व मागून वीस, लिहितांना मात्र आधीं दोनाचा आंकडा लिहावा लागतो. संस्कृत जाणणाऱ्यास ह्यांत नवल नाहीं. 'त्रयोविंशति' मधला तीन आधीं आला, तोच 'तेवीस' मध्यें उतरला आहे. 'एकोणसाठ' म्हणजे तर एकानें उणे साठ. सात वर्षांच्या मुलाला आधीं साठ माहीत पाहिजेत, मग त्यांतून एक वजा! आम्हांस स्वतःला 'तेवीस' प्रिय आहे, आणि तो टाकावा असें पुस्तकहि म्हणत नव्हतें. परंतु एका शिक्षणशास्त्रीय सूचनेवर पुस्तक न उघडतां जीं घरें हंसलीं, त्यांपैकीं आमच्या पाहण्यांतल्या बहुतेकांचीं मुलें तें पुस्तक वापरीतच नव्हतीं. तीं इंग्रजी शाळेंत होतीं.

येथें आमच्या वाचकांना थोडें कडू लागेल असें लिहिणें प्राप्त आहे. १९६४ सालीं नेमलेल्या शिक्षण-आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी होते आणि सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. १९६६ च्या त्यांच्या अहवालांतून दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आपण उचलली. १९७५ सालीं दहावीची पहिली परीक्षा झाली, तींत आम्हीहि होतों. परंतु त्याच अहवालांत समाईक शाळेची शिफारस होती : ज्या वस्तींत घर, त्या वस्तींतल्या शाळेंत सगळ्यांचीं मुलें. १९६८ च्या धोरणानें ती मान्यहि केली, आणि ती कागदावर राहिली. आज वर अभ्यासक्रम एक होत आहे, परीक्षा एक झाली आहे, आणि खालीं शाळांचे मजले चढत आहेत. केंद्रीय विद्यालय, नवोदय, सी.बी.एस.ई., २०१२ च्या कायद्यानें वाढलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा, अनुदानित शाळा, नगरपरिषदेच्या, जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळा. कोणत्या मजल्यावर चढावयाचें हें पुष्कळदां मुलाच्या बुद्धीनें ठरत नाहीं, बापाच्या खिशानें ठरतें.

आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेंतून प्रथम कोण उठून गेलें ? जीं घरें पिढ्यान्‌पिढ्या शिकलेलीं, तींच. ह्याचा परिणाम नुसता पटावर दिसत नाहीं. पूर्वीं वकिलाचा मुलगा गणितांत नापास झाला, तर दुसऱ्या दिवशीं वकीलसाहेब शाळेंत येऊन पेपर पाहावयास मागत. त्या धाकानें मास्तर सबंध वर्गाची उजळणी घेत, आणि तिचा लाभ मागच्या बाकावरच्या मजुराच्या मुलालाहि होई. वकीलसाहेबांनीं आपला मुलगा काढून नेला, तेव्हां तो धाकहि त्याच्याबरोबर गेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळेला व्यवस्थापन समिति दिली, तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असें ठरविलें, शाळेचा विकास-आराखडा करण्याचा व खर्चावर नजर ठेवण्याचा अधिकार तिला दिला. दिवसाची मजुरी बुडवून ह्या बैठकीला येणाऱ्या आया आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांची आस्था कोणाहिपेक्षां कमी नाहीं. शासननिर्णय वाचून 'ह्या कलमाप्रमाणें आमच्या शाळेला हें मिळावयास हवें' असें लिहून देणारा मनुष्य तेवढा तेथें नसतो, कारण त्याचें मूल दुसरीकडे असतें.

ह्यावर पालक जें म्हणतात तें आम्हांस ठाऊक आहे, आणि तें खोटें नाहीं. लहान गांवच्या शाळेंत दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतात. निवडणूक आली, खानेसुमारी आली, कीं त्यांतलाहि एक जातो. इंग्रजी नीट शिकविणारा मिळेल कीं नाहीं ह्याची शाश्वती नाहीं. आपल्या मुलाचा बळी देऊन शाळा सुधारा, असें कोणास सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. बदलीच्या नोकरींतल्यांना केंद्रीय मंडळाची शाळाच सोयीची, हेंहि उघड आहे. परंतु ज्यांचें घर, शेत, नोकरी सारें मानवतलाच आहे, त्यांनीं पांचवीपर्यंत मूल मराठी शाळेंत ठेवून घरीं इंग्रजीचा रोज अर्धा तास नेमानें घेतला, तर त्याचें कांहीं बुडत नाहीं, असें आमचें इतक्या वर्षांच्या अध्यापनावरून मत झालें आहे. ज्या २०२० च्या धोरणाचा हवाला देऊन दिल्लीची धर्ती आणली जाते, त्यांतहि जेथें शक्य असेल तेथें निदान पांचवीपर्यंत, आणि बरें तर आठवीपर्यंत, घरच्या भाषेंतून शिकवावें असेंच लिहिलें आहे; पण तें पान उघडून पाहण्याची तसदी इंग्रजी शाळेच्या प्रवेशाच्या रांगेंत कोण घेतो ?

वर सांगितलेल्या कुटुंबांत मागच्या उन्हाळ्यांत ह्याच विषयावर वाद झाला. मधल्यानें आपलीं मुलें हलविलीं नाहींत, आणि हलवावींत असा आग्रहहि कोणीं धरला नाहीं. मात्र थोरल्यानें धाकट्याच्या मुलाच्या शाळेंत चौकशी केली. समितींतील उरलेल्या एक-चतुर्थांश जागांत गांवांतील शिक्षणतज्ज्ञासहि स्थान असतें, आणि घरांत निवृत्त शिक्षक असलेल्या त्यांच्या काकांचें नांव मुख्याध्यापकांनीं लगेच लिहून घेतलें. काकांनीं पहिल्या बैठकींत मागितलें तें दोन वर्षांचें खर्चाचें टिपण, आणि 'परख' च्या जिल्हा-अहवालाची एक प्रत.